"घड्याळाले काय समजते राजेहो!"

मे महिना, धरमपेठेत तिसऱ्या मजल्यावर आमचा छोटासा गेम स्टुडिओ, आणि कूलर बंद. नागपुरात मे मध्ये कूलर बंद म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण त्याची घरघर माइकमध्ये येते त्यामुळे इलाज नव्हता, भिंतींना गाद्या लावून आम्ही चौघं आत घामाघूम बसलो होतो.

काम असं होतं की एका मराठी पिक्चरवरून टाइम ट्रॅव्हलचा मोबाइल गेम करायचा. त्यातले आजोबा लंबकाच्या घड्याळातून मागच्या काळात जातात आणि म्हणतात, "घड्याळाले काय समजते राजेहो!" हा डायलॉग आमच्याकडे लग्नाला उशीर झाला तरी लोक मारतात, इतका तोंडात बसलाय. डायलॉग लिहिणं आणि कुठला कधी वाजेल ते लावणं माझ्याकडे. मी तो प्रत्येक टाइम जंपला लावला होता. आदल्या दिवशी टेस्टिंगला आलेल्या कॉलेजच्या एका मुलीने वीस मिनिटांत मोबाइलचा आवाजच बंद केला. मी मोजलं तर 17 वेळा वाजला होता, पिक्चरमध्ये अख्ख्या अडीच तासांत तो फक्त 4 वेळा आहे.

रात्री झोप लागेना म्हणून बॅक टू द फ्युचर हा हॉलिवूडचा टाइम ट्रॅव्हलचा पिक्चर पुन्हा लावला. त्यावर टेलटेल या गेम कंपनीने 2010 मध्ये गेम आणला तेव्हा टाइम मशीन बनवणाऱ्या डॉकचा आवाज, पिक्चरमध्ये डॉक झालेल्या खुद्द क्रिस्टोफर लॉइडचाच घेतला होता, त्यामुळे त्याचं नेहमीचं "ग्रेट स्कॉट" ऐकलं की तोच माणूस समोर उभा राहतो. त्या मशीनमधून 1955 मध्ये जाणाऱ्या मार्टी या पोराचा आवाज मात्र ए. जे. लोकॅसिओ या नव्या कलाकाराचा, आणि तोही मस्त जमलाय. पण मी अडकले ते मूळ 1985 च्या पिक्चरमधल्या एका जागेवर. मार्टी सारखं "हेवी" म्हणतो, आणि 1955 मधला डॉक त्याला खरंच विचारतो की भविष्यात सगळं एवढं जड काहून झालं, गुरुत्वाकर्षणात काही बिघाड झाला का. म्हणजे तो शब्द दुसऱ्या काळात गेला की समोरचा माणूस त्याला अडवतो, उत्तर देतो, आणि तिथे मजा येते. माझ्या गेममध्ये आजोबा बोलत होते आणि कोणीच ऐकत नव्हतं!

सकाळी काका आले, पिक्चरमध्ये आजोबा झालेले तेच, सत्तरी ओलांडलेले. मी कागद दिला, त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, हे मी कोणाले सांगून राहिलो?"

मी म्हटलं, "काका, तसं कोणाला नाही, टाइम जंप झाला की वाजतं."

"मंग मले नाही जमणार."

आमच्या गेमची एक लेव्हल नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीत आहे. मिल सुरू झाली 1 जानेवारी 1877 ला, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून एम्प्रेस. मी हे सांगत होते तर काका मधेच म्हणाले, माझा आजा त्याच मिलमध्ये होता, भोंगा झाला की अर्धी भाकर ताटात सोडून पळायचा, हे वाक्य अशाच माणसाचं आहे, तुमच्या आजोबांचं नाही.

मी तिथेच बसून सीन बदलला. आता आजोबा 1877 मध्ये उतरतात, एका थकलेल्या कामगाराला "उशीर झाला बे तुला" म्हणतात, आणि तो म्हणतो, "घड्याळाले काय समजते राजेहो." आजोबा पहिल्यांदा ते ऐकतात आणि हळूच, स्वतःशीच परत म्हणतात. हा कामगारही काकांनीच केला, आवाज खाली नेऊन. आजोबांचा टेक चौथ्यांदा ओके झाला, त्यात शब्दांच्या आधी एक श्वास आहे तो मी कापू दिला नाही, आमचा साउंडवाला काढायच्या मागे होता.

आता अख्ख्या गेममध्ये तो डायलॉग फक्त तीन जागी आहे, बाकी सगळे मी उडवले. पिक्चरच्या लेखकांना फाइल पाठवली कारण वाक्य त्यांचं, ते आम्ही भलत्याच माणसाच्या तोंडी दिलं होतं. त्यांनी दोनदा ऐकून फोन केला, म्हणाले ठेवा, फक्त त्या कामगाराचं नाव काय? नाव आम्ही ठेवलंच नव्हतं. काकांना विचारलं, त्यांनी आपल्या आज्याचं नाव दिलं, आता पडद्यावर तेच येतं.