लोखंडाच्या मापात ॲल्युमिनियम कापू नका

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं, म्हणजे धातू कापून-जोडून वस्तू बनवायचं, काम करताना दोन प्रकारची माणसं सारखी भेटतात. एकाजवळ ॲल्युमिनियमचं नाव काढलं की तो म्हणतो, "भाऊ, हे तं जर्मलच्या गंजासारखं (ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखं) चेपते, लोखंडच लावा ना." दुसऱ्यानं विमानं ॲल्युमिनियमची असतात हे कुठंतरी पाहिलेलं असतं, त्याचं म्हणणं असं की एमएसचं, म्हणजे माइल्ड स्टील या साध्या लोखंडाचं, ड्रॉइंग तयारच आहे, त्यात फक्त मटेरियल बदला आणि बनवून द्या. दोघांनाही मला सांगायचं ते एकच आहे, की ॲल्युमिनियम चालतं पण लोखंडाच्या मापात नाही, आणि गिऱ्हाईक उभं असताना ते धड सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी ताकदीचं बघू. भांड्याचं ॲल्युमिनियम जवळजवळ शुद्ध असतं म्हणून ते चेपतं, पण त्यात थोडं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातलं, ५३० डिग्रीच्या आसपास तापवून पाण्यात बुडवलं आणि मग १७५ डिग्रीच्या भट्टीत काही तास ठेवलं की तेच मेटल पार बदलून जातं. ६०६१ टी-६ म्हणतात ते हेच. त्याची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचं वाकायच्या आधी ते किती ताण सोसतं ते, २७५ मेगापास्कलच्या घरात जाते आणि आपण रोज वापरतो ते साधं एमएस असतं २५० चं! वजन मात्र एका घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम, स्टीलचं ७.८५. हे असं ठेवून ठेवून कडक होणं १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या लक्षात आलं, तांबं घातलेला तुकडा पाण्यात विझवून ठेवला होता तो काही दिवसांनी आपोआपच जास्त कडक झालेला सापडला, त्यातूनच ड्युरालुमिन आलं आणि पुढे विमानं धातूची झाली.

आता दुसऱ्या माणसाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. ताकद म्हणजे किती लोडला ते कायमचं वाकतं किंवा तुटतं, ताठपणा म्हणजे लोड असताना ते किती कमी वाकतं किंवा ताणलं जातं, दोन्ही वेगळं. स्टीलचा ताठपणा २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०, ॲल्युमिनियमचा ७०, मॅग्नेशियमचा ४५, आणि प्रत्येकाला त्याच्या घनतेनं भागून बघा, चौघांचंही उत्तर २५ च्या आसपासच येतं. म्हणजे नुसता ओढला जाणारा रॉड असेल आणि तो तितकाच ताणला जायला हवा असेल तर ॲल्युमिनियम लावून वजनात काहीच वाचत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कॅल्क्युलेटरवर परत परत करून पाहिलं होतं.

मग फायदा कुठे होतो? वाकण्यात. प्लेट किती वाकणार हे जाडीच्या घनावर ठरतं, जाडी थोडी वाढवली की ताठपणा भराभर वाढतो. १० मिलिमीटरच्या स्टील प्लेटइतकी ताठ ॲल्युमिनियमची प्लेट हवी असेल तर १४ च्या थोडी वर जाडी पुरते, आणि वजन एका चौरस मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर किलोवरून अडतीसवर येतं. सरळ निम्मं. पण त्यासाठी जाडी वाढवायला हवी, सेक्शन (चॅनेल, पाइप असा लांब तुकडा) उंच घ्यायला हवा, ड्रॉइंग नव्यानं करायला हवं. म्हणून जुन्याच मापात बनवून द्या म्हटलं की मी नाही म्हणतो, ते हलकं होईल पण जवळजवळ तिप्पट वाकेल, आणि मग तोच माणूस चार लोकांना सांगणार की ॲल्युमिनियम बेकार असतं.

वेल्डिंगचं तर जास्तच जपावं लागतं. एका गाडीच्या बॉडीचा क्रॉस मेंबर (खालचा आडवा दांडा) आमच्याकडे रिपेअरला आला होता, वेल्ड एकदम शाबूत, बीड (वेल्डची उठलेली रेघ) सुंदर, आणि क्रॅक बीडच्या बाजूला इंचभरावर, बीडला समांतर, केसासारखी बारीक. कारण टी-६ चा कडकपणा भट्टीतून आलेला असतो, वेल्डची आच लागली की तेवढ्या पट्ट्यात तो उतरतो आणि ताकद निम्म्यावर येते. त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त लोड येतो तिथे जोड घ्यायचाच नाही, तो बाजूला सरकवायचा नाहीतर बोल्ट लावायचे. शिवाय मेटल ६६० डिग्रीला वितळतं पण त्याच्यावरची ऑक्साइडची पापुद्र्याएवढी साय २००० च्या वर, म्हणून आधी स्टेनलेसच्या ब्रशनं घासणं आणि टिग वेल्डिंगला एसी करंट, यात आळस चालत नाही.

आणि आपल्या नागपूरचं ऊन! ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. जानेवारीच्या पहाटे आणि मे महिन्यातल्या दुपारी उन्हात तापलेल्या सेक्शनमध्ये ५० डिग्रीचा फरक सहज पडतो, तेवढ्यात ६ मीटरचा सेक्शन जवळजवळ ७ मिलिमीटर वाढतो, स्टील साडेतीन. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर तो कुठेतरी फुगवटा काढणारच, म्हणून एका बाजूला लांबट भोक ठेवायचं.

नीट डिझाइन केलं तर काय होतं त्याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे २०२२ मध्ये आलेली रेल्वेची ॲल्युमिनियम वॅगनची मालगाडी, ती स्टीलच्या वॅगनच्या तेवढ्याच गाडीपेक्षा १८० टन हलकी आहे, तेवढा जास्त कोळसा नेता येतो आणि रिकामी परत येताना इंधनही वाचतं. पुणे मेट्रोचे डबेसुद्धा ॲल्युमिनियमचे आहेत. आणि या मेटलवर संशोधन करणारी १९८९ मध्ये स्थापन झालेली जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संस्था आपल्याच वाडीला, अमरावती रोडवर आहे, हे इथल्या किती फॅब्रिकेशनवाल्यांना माहीत असेल!

मॅग्नेशियम अजून हलकं, घनसेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, स्टिअरिंगच्या फ्रेमला, गिअरबॉक्सच्या केसिंगला वापरतात, पण त्याचा बारीक बुरा पेट घेतो आणि त्यावर पाणी मारलं तर हायड्रोजन तयार होऊन आग भडकते, कोरडी वाळूच लागते. टायटॅनियम गरम झालं तरी ताकद धरून ठेवतं म्हणून जेट इंजिनात जातं, शरीराला चालतं म्हणून हाडांच्या इम्प्लांटमध्ये जातं, पण मिळवण्याची प्रोसेस इतकी महाग आहे की आमच्यासारख्या शॉपमध्ये ते येत नाही.

शेवटचं, बोल्ट. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओले झाले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा रबर टाका, आणि पावसाळा संपला की बोल्टच्या भोवती पांढरी भुकटी दिसते का बघा. दिसली तर वरून पेंट मारू नका, बोल्ट काढून भोक तपासा.