तुम्ही विचारलंत म्हणून : रॉम टाकल्यावर बूटलोडर परत लॉक करायचा का?

"लिनिएजओएस टाकलं, फोन मस्त चालतोय. आता बूटलोडर लॉक करून टाकू ना?" नौपाडा, कळवा, कोपरखैरणे, सगळीकडून हाच प्रश्न येतो. (लिनिएजओएस हा कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या सिस्टिमऐवजी टाकलेली दुसरी अँड्रॉइड सिस्टिम. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्राम.) उत्तर : बहुतेक फोनवर नाही. आणि उत्तराची वाट न बघता कमांड देऊन मोकळे होऊ नका, कळकळीने सांगतो.

लॉक करावंसं का वाटतं ते कळतं. बँकेचं ॲप उघडत नाही आणि बूटलोडर उघडा असल्याचा संदेश दाखवतं. मग वाटतं, कुलूप लावलं की ॲप चालेल. ते तसं नाही. प्ले इंटेग्रिटी, म्हणजे ॲपसाठी फोन पारखणारी गूगलची तपासणी, फक्त कुलूप बघत नाही. आतली सिस्टिम गूगलने प्रमाणित केलेली आहे का, तेही बघते. कस्टम रॉमवर बूटलोडर लॉक झाला तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नकारार्थीच राहतं.

कोपरीतल्या एका मुलाचा फोन याच आशेने गेला. रॉम दोन दिवस उत्तम चालला होता. तिसऱ्या दिवशी त्याने आधी डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'ओईएम अनलॉकिंग' (बूटलोडर उघडायची परवानगी देणारा स्विच) बंद केलं, मग संगणकावरून 'फास्टबूट फ्लॅशिंग लॉक' ही कमांड दिली. डेटा पुसला गेला. लॉक करतानाही तो पुसला जातोच, अनलॉक करताना जातो तसाच. पुढच्या बूटला स्क्रीनवर आलं की डिव्हाइस करप्ट आहे. बूटलोडर लॉक असला की तो सिस्टिमची सही कंपनीच्या चावीशी ताडून बघतो, आणि रॉमवर सही असते रॉम बनवणाऱ्याची. रिकव्हरीही (दुरुस्तीची छोटी सिस्टिम) रॉमचीच होती, तीही उठेना. परत अनलॉक करायला गेलं तर 'परवानगी नाही', कारण ती परवानगी देणारा स्विच बंद, आणि तो चालू करायला फोन आधी सुरू व्हायला हवा. उरला ईडीएल मोड, म्हणजे क्वालकॉम चिपचा आणीबाणीचा मार्ग. संगणकाला ९००८ चा पोर्ट (त्या मोडची खूण) दिसला, पण त्या मॉडेलला तिथेही कंपनीचं अधिकृत खातं लागतं. शेवटी मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला गेला, तो जुन्या फोनच्या किमतीच्या वर होता.

त्याच्याकडे पायऱ्यांचा जो कागद होता, त्यात शेवटची ओळ होती, 'काम झालं की बूटलोडर लॉक करा.' ती माझी होती. 'सुरक्षिततेसाठी' असंही पुढे लिहिलेलं. तत्त्वाला ते चूक नव्हतं. कुठल्या फोनवर, हे लिहिलंच नव्हतं.

लॉक चालतं ते दोन परिस्थितींत. एक, पिक्सेलसारख्या मोजक्या फोनवर ग्राफीनओएससारखा रॉम, जिथे रॉमची स्वतःची चावी बूटलोडरमध्ये बसवता येते. तिथे लॉक करणं हीच अधिकृत पायरी आहे. दोन, मूळ कंपनीच्या सिस्टिमवर पूर्ण परत आलात तर. त्यासाठी नेमक्या मॉडेलचं आणि नेमक्या प्रदेशाचं पूर्ण फर्मवेअर (कंपनीच्या मूळ सिस्टिमची फाइल) घ्या. विक्रीच्या नावावर जाऊ नका, कोडनेम (मॉडेलचं कंपनीतलं आतलं नाव) बघा : रेडमी नोट ४ चा स्नॅपड्रॅगनवाला 'मिडो', मीडियाटेकवाला 'निकेल', फाइल एकमेकांना चालत नाही. फर्मवेअर फोनमधल्यापेक्षा जुनं नको. पिक्सेल ६ वर अँड्रॉइड १३ आल्यापासून बूटलोडर मागे नेता येत नाही, आणि काही कंपन्यांच्या फोनवर असा प्रयत्न थेट फोनच मारतो. फाइलचा एसएचए२५६ (फाइलच्या बोटाच्या ठशासारखी ओळख) कंपनीने दिलेल्याशी ताडा. फ्लॅश झाल्यावर एकदा पूर्ण बूट होऊ द्या. *#०६# दाबून आयएमईआय बघा, कॉल लावा, वायफाय बघा. मग ओईएम अनलॉकिंग चालूच ठेवून फास्टबूटमध्ये 'फ्लॅशिंग गेट अनलॉक ॲबिलिटी' विचारा. उत्तर १ (म्हणजे परत अनलॉक करता येईल) आलं तरच लॉक. तो स्विच बंद करायचाच असेल तर लॉक झाल्यावर फोन सुरू होतो हे बघून, आधी कधीच नाही.

  

आता तुमचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे : मग बूटलोडर कायम उघडाच ठेवायचा? सकाळच्या ठाणे लोकलमध्ये फोन चोरीला गेला तर? स्टोरेज एन्क्रिप्टेड असतं, पिन दमदार असेल तर फोटो-मेसेज सहजासहजी निघत नाहीत. पण चोर नवा रॉम टाकून फोन विकू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, फोन तासभर भलत्याच्या हाती राहिला तर तो बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) बदलून ठेवू शकतो, आणि पुढे तुम्ही टाकलेला पिन त्याच्याकडे जाऊ शकतो. कुलूप हवं, असं त्या कागदावर लिहिताना मनात हेच होतं, आणि ही भीती आजही खोटी वाटत नाही. म्हणून बँक आणि यूपीआय न बदललेल्या दुसऱ्या फोनवर ठेवा, असं सांगतो. ज्याच्याकडे एकच फोन आहे, त्याला काय सांगावं हे अजून ठरत नाही.