टोगोचा माणूस

आमच्या सोसायटीत हस्की जातीचा, बर्फाळ मुलखातला एक कुत्रा आहे. एप्रिलमध्ये तो लिफ्टसमोरच्या गार फरशीवर पोट टेकून पसरतो आणि त्याला फिरवायला आलेला पोरगा ‘चल रे राजा’ म्हणत पट्टा ओढत राहतो. राजा ढिम्म. अशा वेळी मला हटकून लिओनार्ड सेपाला आठवतात. आज घराघरांत दिसणाऱ्या हस्कींची वंशावळ मागे नेत गेलं की बऱ्याचदा त्यांच्याच कुत्र्यांपाशी येऊन थांबते.

सेपाला मूळचे नॉर्वेचे. १९०० साली सोन्याच्या मागे अलास्कातल्या नोम गावी आले आणि कुत्र्यांचेच होऊन गेले. ध्रुवप्रदेश धुंडाळणारे आमुंडसेन यांच्या ध्रुवमोहिमेसाठी सैबेरियन पिल्लं आणली होती. मोहीम बारगळली आणि पिल्लं सेपालांच्या पदरात पडली. १९१४ मध्ये स्लेजच्या, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांच्या, मोठ्या शर्यतीत वादळाने गाठलं, कुत्र्यांचे पाय फाटले, त्यांनी माघार घेतली. साडेसहाशे किलोमीटरची तीच शर्यत त्यांनी १९१५, १६ आणि १७ अशी ओळीने जिंकली.

बैलगाडीला निदान कासरा असतो. स्लेजच्या कुत्र्यांना लगामच नाही. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे, सगळा कारभार तोंडी. हिमवादळात हाक ऐकू गेली नाही की सगळ्यात पुढचा कुत्रा नेईल ती वाट. म्हणजे वर्षानुवर्षं शिकवायचं ते कशासाठी, तर ऐन वेळी आपल्यावाचून काही अडू नये म्हणून!

एवढा जाणकार माणूस, पण टोगोच्या बाबतीत साफ चुकला. १९१३ साली जन्मलेलं हे पिल्लू किरकोळ, आजारी आणि वर व्रात्य. सेपालांनी ते एका घरी पाळायला देऊन टाकलं. पठ्ठ्याने खिडकीची काच फोडून उडी घेतली आणि धावत परत आला. मग गाडीला जुंपलेल्या कुत्र्यांच्या खोड्या काढायला लागला. शेवटी वैतागून त्यालाही जुंपलं, तर आठ महिन्यांचं ते पोर पहिल्याच दिवशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळालं आणि संध्याकाळपर्यंत म्होरक्याच्या बरोबरीला पोचलं.

जानेवारी १९२५ मध्ये नोममध्ये घटसर्पाची साथ आली. रेल्वे अलास्कातल्याच नेनाना गावापर्यंतच. तिथून औषध वीस गाडीवानांनी हातोहात हजारावर किलोमीटर आणलं, साडेपाच दिवसांत. बाकीच्यांच्या वाट्याला पन्नास-साठ, फार तर ऐंशी-नव्वद किलोमीटर आले. सेपाला औषध घ्यायला नोमहून पावणेतीनशे किलोमीटर सामोरे गेले आणि ते घेऊन आणखी दीडशे किलोमीटरच्या आसपास आले, वाटेत गोठलेली नॉर्टन खाडी ओलांडून. वारा समुद्राच्या दिशेने, पायाखालचं बर्फ कधी तुटेल याचा नेम नाही. पुढे टोगो. वय बारा!

शेवटचा टप्पा गुन्नार कासेन यांचा, त्यांचा म्होरक्या बाल्टो. गावात तो शिरला, म्हणून नाव त्याचं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळाही उभा राहिला. गंमत अशी, की बाल्टोही सेपालांच्याच कुत्र्यांपैकी. त्याला त्यांनी सामान ओढण्यापुरताच धरला होता. पुतळा त्यांच्या मनाला फार लागला. मोठ्या माणसाने एवढं मनाला लावून घेऊ नये, असं कुणी म्हणेल. मला मात्र ते त्या रागामुळेच जवळचे वाटतात. आपल्या पोराचा नंबर दुसऱ्याला दिला तर कुठला बाप गप्प बसेल?

टोगोचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये बसला तो २००१ साली. सेपाला १९६७ मध्येच गेले होते, नव्वदीला टेकून. त्याआधी १९३२ च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्लेजच्या प्रदर्शनीय शर्यतीत, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी दुसरा नंबर काढला होता. अलास्कातल्या इडिटारोड या स्लेजच्या शर्यतीत आता त्यांच्या नावाचं एक बक्षीस देतात. कुत्र्यांची उत्तम निगा राखणाऱ्या गाडीवानाला ते मिळतं. पहिलं यायलाच हवं अशी त्यात अट नाही.