तुम्ही विचारलंत म्हणून: दौरा सोडून लीगला जाणाऱ्याला मी शिव्या का देत नाही

रविवारी सकाळी मी सोलापूरच्या पार्क मैदानावर पोरांना बॉलिंग टाकायला जातो, आणि चहा प्यायला बसलं की कोणीतरी पालक विषय काढतोच. "सर, तुम्ही टेस्टचे एवढे वेडे, पाच-पाच दिवस टीव्हीसमोरून हलत नाही, मग देशाचा दौरा सोडून पैशासाठी लीग खेळतात त्यांच्यावर तुम्हाला राग कसा येत नाही?" ऑफिसात पण हेच, भावकीच्या लग्नात पण हेच. एकदाच सगळं लिहून टाकतो.

राग येत नाही, कारण मी स्वतः गेलोय.

२००३ ची गोष्ट. तेव्हा मी पूर्व भागात टॉवेलच्या एका कारखान्यात कामाला होतो आणि क्लबकडून लेदर बॉल खेळायचो. खेळायचो म्हणजे पदरमोड करून. वर्गणी आपली, पांढरी पँट आपली, मॅचनंतरची भजी पण आपलीच. मॅच कधी आहे ते तीन-चार दिवस आधी कळायचं. तर एका रविवारी क्लबची मॅच, आणि त्याच दिवशी मोहोळकडच्या एका गावात टेनिस बॉलची टूर्नामेंट, पहिलं बक्षीस ११,००१. तिथला एकजण गुरुवारी कारखान्याच्या दारात येऊन उभा, म्हणाला "येतोस का बे, सातशे देतो, जायला-यायला जीप, मटण-भाकरी." सातशे म्हणजे माझा आठवडाभराचा पगार, आणि घरात लाईटबिल थकलेलं. क्लबच्या कोच सरांना निरोप पाठवला, ताप आलाय.

आम्ही टूर्नामेंट जिंकलो. तिथंच घोळ झाला. मंगळवारच्या पेपरात विजेत्या संघाचा फोटो आणि त्यात मधोमध मी, करंडकाचा एक कान धरून, दात काढून. संध्याकाळी नेटला गेलो तर सरांच्या खिशात पेपरची घडी. एवढंच म्हणाले, "ताप उतरला का रे?" पुढच्या तीन मॅच बाहेर बसवलं. क्लब ती मॅच हरला होता, हे पण सांगायला पाहिजे.

आता मोठ्या लोकांचं घ्या. २०२४ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेची टीम न्यूझीलंडला दोन टेस्ट खेळायला गेली, आणि कॅप्टन होता नील ब्रँड, ज्यानं तोवर एकही टेस्ट खेळलेली नव्हती! पहिल्या टेस्टला सहाजणांचं पदार्पण. रबाडा, मार्करम, यान्सन वगैरे मंडळी घरी एसए-२० ही आफ्रिकेतली टी-२० लीग खेळत होती. न्यूझीलंडच्या रचिन रवींद्रनं २४० ठोकले, विल्यमसननं दोन्ही डावांत शतकं काढली, आफ्रिकावाले २८१ रननी हरले आणि पुढची टेस्ट पण हरले. १९३२ पासून दोघं टेस्ट खेळतात, न्यूझीलंडनं आफ्रिकेविरुद्ध टेस्ट सिरीज जिंकली ती ही पहिलीच, आणि एवढी वर्षं वाट बघून मिळाली ती पण अशी अर्धवट टीमसमोर.

तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे खेळाडूंवर तुटून पडले, गद्दार काय, लालची काय. पण खेळाडूंना विचारलं कुणी? ती लीग काय बाहेरच्या कुणी आणून बसवली नव्हती, तिथल्या क्रिकेट बोर्डाचाच त्यात मोठा हिस्सा, आणि करारातले खेळाडू त्या काळात लीगच खेळणार हे बोर्डानंच ठरवलेलं. दौरा आधी कबूल केलेला, नंतर लीग आली, तारखा एकमेकांवर आल्या आणि बोर्डानं दौऱ्यावर दुसरी टीम धाडली. त्याच्या आधी २०२३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या तीन वनडे याच लीगपायी सोडून दिल्या, वर्ल्डकप पात्रतेचे पॉइंट गेले तरी. बरं, लीगमधल्या सहाच्या सहा टीम आयपीएलच्या मालकांच्या, म्हणजे पैसा कुठून येतो ते पण बघा. बोर्डाची तिजोरी रिकामी, भारताचा दौरा आला की भरते आणि बाकी वर्षभर लीगवर चालते, मग ते लीग मोडतील का दौरा मोडतील? सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत इथल्या फुगेवाल्याला विचारा की बाबा आज दुकान बंद ठेवून पुण्याला येतोस का.

आणि ब्रँडचं म्हणाल तर मला तो माणूस फार आवडला. पहिलीच टेस्ट, हातात अशी टीम, समोर ५११ रन लागलेले आणि हा डावखुरा स्पिन टाकून ११९ रनमध्ये ६ विकेट घेतो. दोन टेस्ट झाल्या, मोठे लोक परत आले, संपलं. माझा जीव तुटतो तो ह्याच्यासाठी, लीगला गेलेल्यांसाठी नाही आणि त्यांच्यावर चिडून पण नाही.

आपण भारतात बसून देशभक्ती शिकवतो ते मला जरा गमतीचं वाटतं, कारण आपल्या खेळाडूला हे कोडं कधी पडतच नाही. आपली लीग आपल्याच बोर्डाची. २०२३ ते २७ चे टीव्ही-मोबाईलचे हक्क ४८,३९० कोटींना गेलेत, आयपीएल चालू असताना जगात फारसं काही ठेवलं जात नाही, आणि बाहेरच्या लीगला आपल्या चालू पुरुष खेळाडूला परवानगीच नाही. टेस्टची मॅच फी १५ लाख, शिवाय २०२४ पासून सीझनमधल्या बहुतेक टेस्ट खेळल्या तर वर आणखी मिळतात. एवढं सगळं पदरात असल्यावर "मी देशासाठी खेळतो" म्हणायला काय जातंय. न्यूझीलंडच्या ट्रेंट बोल्टनं २०२२ मध्ये बोर्डाचा करार परत केला, वेस्ट इंडीजच्या निकोलस पूरननं २०२५ मध्ये २९ व्या वर्षी इंटरनॅशनल सोडलं, त्यांच्या जागी बसून हिशोब करा मग बोला.

आणि हे आजचं पण नाही. १९५२ ला आपली टीम इंग्लंडला गेली तेव्हा विनू मांकड टीममध्ये नव्हते. त्यांचा तिथल्याच हॅस्लिंग्डन नावाच्या क्लबशी पगारी करार, त्यांनी बोर्डाला विचारलं की टेस्टमध्ये घेणार याची खात्री देता का, तर करार सोडतो. बोर्डानं खात्री दिली नाही. पहिल्या टेस्टला, हेडिंग्लेला, दुसऱ्या डावात रॉय, गायकवाड, मंत्री, मांजरेकर असे चौघं आऊट झाले आणि स्कोअरबोर्डावर रन शून्य. आपल्या सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर त्याच टीममध्ये होते बरं का. मग धावत जाऊन क्लबकडून मांकडांना मागून आणलं आणि लॉर्ड्सला त्यांनी ७२ आणि १८४ काढले, वर ५ विकेट. आज आपण त्यांना गद्दार म्हणतो का?

मला वाईट कशाचं वाटतं ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा लीगवाल्यांचा वकील झाला. लांबलचक दौरे गेले. भारत २०२३ च्या शेवटी आफ्रिकेत गेला, दोनच टेस्ट, दुसरी केपटाऊनला ६४२ बॉलमध्ये खलास, जगातली सगळ्यात छोटी निकाली टेस्ट, आणि एक-एक अशी बरोबरी. तिसरी टेस्ट पाहिजे होती हो. पण लीग आठवड्यावर आलेली, जागाच नाही. गंमत म्हणजे तीच आफ्रिका २०२५ ला लॉर्ड्सवर टेस्टची वर्ल्ड चॅम्पियन झाली, न्यूझीलंडला त्या दोन मॅच घालवून सुद्धा. त्यामुळे टेस्ट मेली असं मी म्हणणार नाही, जेवण चांगलंच आहे पण ताटात वाढतायत कमी.

पालकांना तर मी काय सांगणार. आपल्या सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी २०२३ च्या डिसेंबरमध्ये आयपीएलच्या लिलावात २० लाखांना गेला, आणि अंडर-१९ वर्ल्डकप खेळला तो त्याच्यानंतर, पुढच्या महिन्यात. पोरं हाच क्रम बघत मोठी होतायत.

आमचे सर आता सत्तरीला आलेत. मागच्या वर्षी एका गावात टेनिस बॉलची टूर्नामेंट बघायला गेलो तर पंच म्हणून सरच उभे, डोक्यावर टोपी, छातीवर प्रायोजकाचं नाव. मॅच संपल्यावर आयोजकानं पाकीट दिलं, ते खिशात घालताना मी बघितलं आणि त्यांनी मी बघितलेलं बघितलं. जवळ आले, म्हणाले, "आज क्लबची मॅच नाही बे, तारीख बघूनच आलोय."