ड्रॉवरमधली बाई (म्हणजे आमची बाहुली)

जुनं कपाट मोडीत काढलं तेव्हा त्यातला एक ड्रॉवर मी ठेवून घेतला, कशाला ते मलाही सांगता आलं नसतं, आणि घरच्यांनी नेहमीसारखा 'अजून एक भंगार' असा चेहरा केला. मग आत्याने तिच्या ट्रंकेतली जुनी बाहुली मला दिली, ड्रॉवर आडव्याचा उभा केला, बाहुली आत ठेवून बघितली आणि म्हटलं, झालं की घर!

'झालं' म्हटल्यावर पुढे तीन महिने गेले.

बाहुली 28 सेंटीमीटरची. डोकं बिस्कचं, म्हणजे चकाकी न दिलेलं पोर्सेलीन, गालांची लाली भट्टीत भाजलेली म्हणून अजून टिकलीये. हातपाय मात्र कॉम्पोझिशनचे, लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा, त्याला ओलं फडकं लावायचं नाही, फुगतं आणि रंगाचे पोपडे सुटतात. मानेवर विगखाली नंबर आणि 'जर्मनी' कोरलंय. अमेरिकेच्या मॅकिन्ली टॅरिफ या आयातकराच्या कायद्यामुळे 1891 पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागायचं, त्यामुळे ही बहुतेक त्यानंतरची असावी.

फर्निचर विकतचं घ्यायचं नाही हे ठरलेलंच, आणि तसंही ते बसलं नसतं. डॉलहाऊसचं सामान साधारण 1:12 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याएवढं असतं, त्या हिशोबाने आमची बाई 11 फुटी राक्षसीण! ती सहाएक वर्षांची मुलगी धरली तर माप येतं 1:4, म्हणजे खुर्चीची बैठक 7 सेंटीमीटर उंच हवी. दोऱ्याची लाकडी रिळं आणि मोडक्या पट्टीचे तुकडे यांची खुर्ची केली, बंद पडलेल्या मनगटी घड्याळाची डायल भिंतीवर लावली, आणि फुटक्या पावडरच्या डबीतला आरसा. खुर्चीवर मी जाम खूश होते.

जमिनीला उरलेली व्हायनल शीट चिकटवली, टाइल्सचं डिझाइन, काय देखणं दिसत होतं! महिन्याभराने बाहुली उचलली तर बुटांचे तळ चिकट. व्हायनल मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर घालतात ते बाहेर झिरपतं. शीट त्याच दिवशी उपटली. मग ड्रॉवरचाही संशय यायला लागला, कारण बंद ठेवला की आंबूस वास यायचा. फळ्या ओकच्या आहेत, आणि ओक वर्षानुवर्षं ॲसिटिक ॲसिडची वाफ सोडत राहतो. म्युझियमवाले शोकेसमध्ये काही वापरायच्या आधी त्याचा तुकडा चांदी, तांबं आणि शिशाच्या पट्ट्यांबरोबर बंद बाटलीत 60 डिग्रीवर 28 दिवस ठेवतात आणि धातू खराब होतो का बघतात, त्याला ऑडी टेस्ट म्हणतात. माझ्याकडे तेवढा धीर नाही. वाफ अडावी म्हणून आतून सगळीकडे ॲल्युमिनियम फॉइल लावली, त्यावर स्टार्च धुऊन काढलेली जुनी मलमल ताणून बसवली. पुढे जुन्या फोटोफ्रेमची काच बिजागरीवर, आणि खाली मुद्दाम बोटभर फट ठेवलीये. धूळ जाते थोडी, जाऊ दे, कोंडलेली वाफ जास्त वाईट.

लाइट आत नाहीच लावला. म्युझियममध्ये कापडासाठी 50 लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, म्हणजे अगदी मंद, म्हणून हे घर खिडकीसमोरच्या नाही तर खिडकीच्याच भिंतीवर लावलंय.

आणि आता खुर्ची. बाईला बसवायला गेले आणि फ्रॉक घडीवर टर्रकन उसवला, शिवणीत नाही, कापडच. त्या काळात रेशीम जड आणि भारी वाटावं म्हणून त्यात कथिलाचे क्षार मुरवायचे, त्यानेच धागा ठिसूळ होतो, मग नुसत्या घडीवरही कापड चिरतं. शिवून उपयोग नाही, सुईच्या भोकातून अजून फाटतं. म्हणजे ही बाई बसणारच नाही, कधीच. छत्रीची काडी वाकवून, तिला सुती पट्टी गुंडाळून कमरेला आधार केला आणि उभी केली.

तीन दिवस खपून केलेली खुर्ची शेजारी रिकामीच आहे. परवा तिच्यावर बाहुलीची टोपी ठेवली, तेवढीच बसली.