मशीनबरोबर कॅनही आणा : आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या दारावर एक पाटी आहे, गुजरातीत आणि मराठीत. 'मशीन आणाल तेव्हा पेट्रोलचा कॅनही बरोबर आणा.' नवीन गिऱ्हाईक ती वाचून हमखास विचारतं, "केननुं शुं काम छे? बगडेलुं तो मशीन छे." (कॅनचं काय काम? बिघडलंय ते मशीन.) मी त्याला स्टूल देतो आणि कॅनचं झाकण उघडायला सांगतो. वडोदऱ्यात चेनसॉ मशीनचं, म्हणजे लाकूड कापायच्या इंजिनाच्या करवतीचं, काम आम्ही वीसेक वर्षं करतोय. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. 'कार्ब्युरेटर गेलाय' म्हणून आलेल्या मशीनचं दुखणं बहुतेक वेळा त्या कॅनमध्येच सुरू झालेलं असतं.

सुरुवात बाबांनी केली, ती स्कूटरपासून. दांडिया बाजारातल्या एका बोळात भाड्याचा गाळा होता, आत जेमतेम दोन स्कूटर उभ्या राहतील एवढा. टू-स्ट्रोकचा जमाना, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी इंजिनं. मी शाळेतून आलो की दप्तर टाकायचो, वाटीत रॉकेल घ्यायचो आणि बाबा काढून देतील ते जेट (पेट्रोल जायला बारीक भोक असलेले कार्ब्युरेटरचे तुकडे) धुवायचो. एकदा कचरा निघेना म्हणून मी केबलची एक तार जेटमध्ये घालायला गेलो. बाबांनी हात धरला. "तार नाही. भोक केसाएवढं मोठं झालं तरी ही गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिणार, आणि ज्याची गाडी त्याला कधी कळणारही नाही का ते." आजही आमच्या टेबलावर तार नसते. सफाईचा स्प्रे आणि हवा, बस.

पुढे फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं आली आणि आमचं काम आटत गेलं. त्याच दिवसांत बोडेलीकडचा एक लाकडाचा ठेकेदार गोणपाटात गुंडाळलेलं चेनसॉ मशीन घेऊन आला. शेताच्या बांधावरची निलगिरी कापून लातीत पोचवायचं त्याचं काम. (लाती म्हणजे इकडे लाकडाची वखार.) म्हणाला, "दादा, तमे टू-स्ट्रोकवाळा छो, आ पण टू-स्ट्रोक ज छे." बाबांनी ते माझ्याकडे सरकवलं.

मी कार्ब्युरेटर उघडला आणि स्कूटरसारखी पेट्रोलची वाटी शोधत बसलो. वाटी नाही, तिच्यात तरंगणारा फ्लोट नाही. मुठीत मावेल एवढा चौकोनी ठोकळा, आणि दोन्ही बाजूंना झाकणांखाली पातळ पडदे. ते समजायला मला दोन दिवस लागले, पण त्या दोन दिवसांवरच आमचा पुढचा धंदा उभा राहिला. स्कूटरमध्ये पेट्रोल वाटीत साठतं, फ्लोट वर आला की सुई बंद होते. गाडी उभी आहे तोवर हे ठीक. चेनसॉ मात्र आडवं धरतात, फांदी तोडताना उलटंही करतात. तिथे वाटीतलं पेट्रोल सांडेल. म्हणून एका बाजूचा पडदा इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या धक्क्यांवर हलतो आणि पंपासारखं टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसऱ्या बाजूचा पडदा इंजिन श्वास घेईल तसा आत ओढला जातो, एका चिमुकल्या लिव्हरला दाबतो आणि लिव्हर सुई उचलतं. इंजिन मागेल तेवढंच पेट्रोल आत. मला ते फार सुंदर वाटलं, अजूनही वाटतं.

त्या मशीनची कार्ब्युरेटरमधली पेट्रोल गाळणारी जाळी तुंबली होती. साफ केली, चालू झालं. ठेकेदारानं लातीत सांगितलं आणि महिनाभरात पाच मशीनं आली.

मग माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय आमची वाटचाल पुरी होत नाही. या कार्ब्युरेटरवर साधारण तीन स्क्रू असतात. 'एल' म्हणजे कमी वेगाचं पेट्रोल, 'एच' म्हणजे पूर्ण वेगाचं, आणि तिसरा नुसती स्लो रेस, म्हणजे रेस सोडल्यावरची इंजिनाची गती, वरखाली करणारा. पाद्र्याकडच्या एका शेतकऱ्याचं मशीन फुल रेसवर घरघरत होतं. मी 'एच' स्क्रू घड्याळाच्या दिशेनं फिरवत गेलो तसा आवाज साफ होत गेला, तीक्ष्ण, शिट्टीसारखा. मला वाटलं जमलं, त्यालाही आवडलं. आठव्या दिवशी तो परत आला. दोरी ओढता येईना. सायलेन्सर काढून आत पाहिलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. पेट्रोल कमी केलं म्हणजे त्यातून जाणारं तेलही कमी केलं, आणि मिनिटाला १२,००० फेरे घेणारं इंजिन मी कोरडं चालवायला दिलं होतं. ती घरघरच बरोबर होती. मोकळं असताना थोडं घरघरतं आणि लाकडात घातलं की आवाज स्वच्छ होतो, ते सेटिंग खरं. हे मला ठाऊक नव्हतं.

बाबांनी एकच विचारलं, "कोणाच्या हातून झालं?" आणि बोअर-पिस्टनचा खर्च दुकानानं केला. तेव्हापासून आमच्याकडे दाराशी निलगिरीचा एक ओंडका ठेवलेला असतो. ओंडका कापल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जात नाही.

आता मशीन आलं की आम्ही लगेच कार्ब्युरेटरला हात लावत नाही. आधी ठिणगीचा प्लग काढतो. ओला असला तर पेट्रोल पोचतंय, भानगड ठिणगीत किंवा ओव्हर होण्यात, म्हणजे पेट्रोल जास्त भरण्यात. कोरडा असला तर सिलिंडरमध्ये पेट्रोल-तेलाच्या मिश्रणाचे चार थेंब टाकून दोरी ओढायची. दोन सेकंद भडकून बंद पडलं की ठिणगी ठीक आहे, पेट्रोल वाटेत कुठेतरी अडलंय. मग टाकीचं झाकण सैल करून बघायचं. दहा-पंधरा मिनिटं चालून मरणारं मशीन झाकण सैल केल्यावर चालत राहिलं, तर टाकीची हवा घ्यायची वाट तुंबली आहे. कार्ब्युरेटरचा काही दोष नाही. मग टाकीतला फिल्टर, मग पेट्रोलची नळी. ती आकड्यानं बाहेर काढून बोटांत वाकवून बघायची, कारण तडा सरळ नळीत दिसत नाही. मग इंजिन आणि कार्ब्युरेटरच्या मधला रबरी तुकडा. तो फाटला की मशीन हवा घेतं. उभं धरल्यावर ठीक चालतं, आडवं केलं की रेस आपोआप चढते नाहीतर बंद पडतं. सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काजळीनं बंद असली तरी गिऱ्हाईक 'पिकअप घेत नाही' असंच सांगतं. रेस सोडल्यावरही चेन फिरत राहते, अशी तक्रार आली तर स्लोचा स्क्रू कमी करून बघावा, आणि तरी फिरली तर क्लचची स्प्रिंग तुटलेली असू शकते.

संखेड्याकडच्या एका गिऱ्हाइकानं दुसरीकडे दोनदा नवा कार्ब्युरेटर बसवला होता. माझ्याकडे आलं तेव्हा दोष तोच, मशीन आडवं केलं की मरायचं. तडा रबरी तुकड्याच्या खालच्या घडीत होता, अंगठ्यानं ताणल्यावरच दिसणारा. दोन कार्ब्युरेटरचे पैसे गेले त्याचे. मला अशा वेळी राग येतो. भाग बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि ज्याची रोजी त्या मशीनवर चालते त्याच्या खिशातून आपल्या अंदाजाचे पैसे घेऊ नयेत.

एवढं सगळं तपासूनही पेट्रोल अडलेलंच असलं तर मगच टेबलावर पांढरं फडकं अंथरतो. पांढरंच, कारण सुईची पिन काळ्या टेबलावर पडली की गेली. आधी पंपाच्या बाजूचं झाकण. पडद्यावरच्या दोन पातळ जिभल्या सपाट आहेत का बघायचं. कोपरे वळले असले की पंप ओढत नाही. त्याच बाजूला आत तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीची एक गोल जाळी असते. तिच्यावर भुसा आणि तेलाची पेस्ट बसते, तपकिरी, चिक्कीच्या पाकासारखी. कित्येक मशीनं त्या एका जाळीवर बंद पडलेली असतात. मग दुसरी बाजू. मोठा पडदा बोटानं हलकेच दाबायचा. मऊ असेल तर जिवंत. जुना, कडक झालेला पडदा पापडासारखा कुरकुरतो, आणि तो कितीही धुतला तरी परत मऊ होत नाही, पडद्यांचं किटच बदलायचं. लिव्हर, सुई, स्प्रिंग काढायची. स्प्रिंग ओढायची नाही, तिच्या ताणावर सगळा हिशेब आहे. एल आणि एच स्क्रू काढण्याआधी ते आत किती फेरे बसतात ते मोजून वहीत लिहायचं. मग सगळे पडदे बाजूला ठेवून भोकाभोकातून स्प्रे. एका भोकातून मारलेला स्प्रे दुसऱ्यातून बाहेर आला पाहिजे. कॉम्प्रेसरची हवा नंतर, आणि डोळ्यांवर चष्मा लावून. पडदे लावलेले असताना हवा कधीच नाही.

परत बसवताना लोक जिथे चुकतात ते एवढंच : मोठ्या पडद्याच्या बाजूला कार्ब्युरेटरच्या अंगाला आधी पॅकिंग, त्यावर पडदा. पंपाच्या बाजूला उलट, आधी पडदा, मग पॅकिंग. शेवटी पेट्रोलच्या तोंडाला हातपंप लावून ७-८ पौंड दाबाची हवा भरायची. काटा स्थिर राहिला तर सुई धरतेय.

आता कॅनचं. २०२३ पासून इ-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल यायला लागलं आणि आमच्या टेबलावरचं काम बदललं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिना-दोन महिने कॅनमध्ये पडून राहिलेल्या मिश्रणात पाणी वाढत जातं आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. चेनसॉचा फिल्टरही तळाशीच असतो, म्हणजे मशीन पहिल्यांदा तेच पितं. त्या थरात टू-स्ट्रोकचं तेल फारसं विरघळत नाही. पडदे लवकर कडक होणं आणि आतल्या अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरणं आता रोजचं झालंय. लोकांना हे तोंडी पटत नाही, म्हणून मी काचेच्या मोजपात्रात १०० मि.ली. पेट्रोल आणि १० मि.ली. पाणी घालून हलवून दाखवतो. खालचा थर १० वर थांबत नाही, तिशीच्या जवळ जातो. गिऱ्हाईक वाकून बघतं आणि मग स्वतःच्या कॅनकडे बघतं.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली. आम्ही तोवर फतेगंजच्या बाजूला मोठं दुकान घेतलं होतं. पाणी काउंटरच्या वर गेलं. मगरींच्या भीतीनं कोणी गल्लीत उतरेना. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर खालच्या फळीवरची गिऱ्हाइकांची एकोणीस मशीनं चिखलात. माझी पत्नी हिशेबाच्या वह्या वाचवून माळ्यावर ठेवून आली होती, त्यामुळे कोणतं मशीन कोणाचं हे तरी कळलं. आमचा छोटाउदेपूरकडचा कारागीर तिसऱ्या दिवशी चालत आला आणि म्हणाला, "भाई, दोरी कोणी ओढू नका." तेच बरोबर होतं. दोरी ओढली असती तर गाळ सिलिंडरमध्ये फिरला असता. सगळी मशीनं स्वच्छ पाण्यानं धुतली, टाक्या रिकाम्या केल्या, प्लग काढून उलटी टांगली, सुकल्यावर सिलिंडरमध्ये तेल सोडलं. मग एकेक कार्ब्युरेटर. विश्वामित्रीचा गाळ इतका बारीक की जाळीतूनही आत गेलेला. बाबा सत्तरीच्या पुढचे, भिंग लावून पांढऱ्या फडक्यावर सुया ओळीनं मांडत बसले.

त्या वेळी रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती आणि कापणारे आमच्या दाराशी उभे होते. जे मशीन तयार होईल ते ओंडक्यावर चालवून लगेच द्यायचं, हिशेब नंतर. एकोणीसपैकी सतरा चालू झाली. उरलेल्या दोन मशीनांचे क्रँकचे बेअरिंग गंजले होते. त्यांच्या मालकांना आम्ही पुढचे दोन महिने आमची मशीनं वापरायला दिली.

पावसाळ्यात मशीन ठेवून देणार असाल तर टाकी रिकामी करा, मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा. चांगल्या टू-स्ट्रोक तेलाचं प्रमाण बऱ्याच मशीनांना लिटरला २० मि.ली. असतं, पण मशीनच्या पुस्तकात असेल तेच धरा आणि मापानं घाला, अंदाजानं नाही.

गेल्या महिन्यात संखेड्याकडचं तेच गिऱ्हाईक आलं, दोन कार्ब्युरेटर बदललेलं. पाटीकडे न बघताच त्यानं कॅन काउंटरवर ठेवला. कॅनच्या पोटावर खडूनं तारीख लिहिली होती, आठ दिवसांपूर्वीची. मी झाकण उघडून वास घेतला, ताजं होतं. मशीन उघडायची गरज पडली नाही. चेनला धार लावली, ओंडक्यावर चालवून दाखवलं आणि दिलं.