गाळलेली सात वचनं

पाळकाचं काम म्हणजे रविवारचा उपदेश, असं बाहेरच्यांना वाटतं. उपदेश हा त्यातला सर्वांत सोपा भाग. कोणता भाऊ कोणत्या भावाशी सात वर्षं बोललेला नाही, खुर्च्या कोणाकडून आणल्या तर कोण दुखावेल, हे सगळं डोक्यात ठेवून मग शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं असतं. आणि मयताच्या घरी ते कुठं उघडणार, हे आधीच ठरलेलं असतं: स्तोत्र २३, ९० किंवा १२१. सोळा वर्षांत मी ही तीन स्तोत्रं इतक्यांदा वाचली आहेत, की माझं शास्त्र टेबलावर ठेवलं तर आपोआप त्यांतल्या एखाद्यावर उघडतं. ९० आणि १२१ यांच्या मधे १०९ आहे. तिथली पानं माझ्या प्रतीत गेल्या वर्षापर्यंत कोरी करकरीत होती.

अहिल्यानगर जिल्ह्यातली आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान आहे. गेल्या वर्षी तिच्यातला एक शेतकरी गेला. त्यानं स्वतःच जीव दिला. महिन्याला शेकडा पाच व्याजानं घेतलेले पैसे, तारण म्हणून करून दिलेलं खरेदीखत, आणि मग सातबाऱ्यावर चढलेलं दुसऱ्याचं नाव. विनापरवाना सावकारीविरुद्ध राज्यात २०१४ चा कायदा आहे, आणि अशा व्यवहारात गेलेली जमीन चौकशी करून परत देण्याची सोयही त्यात आहे. त्यानं अर्ज केला होता. तारखा पडत राहिल्या. शेवटची तारीख त्याच्या दफनानंतर चार दिवसांनी होती.

पैसे देणारा आमच्याच मंडळीतला, पंचकमिटीतला.

कमिटीनं त्या आठवड्यात पाऊण तास चर्चा केली. विषय एकच: जीव देणाऱ्याला कबरस्तानात जागा द्यायची की नाही. व्याजाबद्दल एक शब्द निघाला नाही. गरिबाकडून व्याज घेऊ नकोस, हे बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या खोलीत हे वचन तोंडपाठ असलेली निदान तीन माणसं बसली होती. त्यांतला एक मी.

जागा मिळाली. आठव्या दिवशी घरी सांत्वनाची प्रार्थना ठेवली होती. मी चपला काढत होतो, तेवढ्यात त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात आली आणि हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, आज एकशेनववं वाचा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "ताई, एकशेतिसरं?"

"एकशेनववं."

तिची शाळा चौथीपर्यंत झालेली. पण तिची आई मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापायची आणि थापता थापता मुलींकडून स्तोत्रं पाठ करून घ्यायची. आमच्यातल्या जुन्या बाया शास्त्र वाचतात म्हणण्यापेक्षा त्यांच्यात ते मुरलेलं असतं म्हणायला हवं.

आता या स्तोत्राबद्दल थोडं सांगायलाच हवं. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, मी हिब्रू शिकलो तेव्हा माझा मोठा निबंध याच स्तोत्रावर होता, आणि त्याचा मला अभिमान होता. दुष्टाला शासन कर अशी मागणी करणारी स्तोत्रं बरीच आहेत. ५८ मध्ये त्यांच्या तोंडातले दात पाड म्हटलंय, ६९ मध्ये जीवनाच्या पुस्तकातून त्यांची नावं खोड म्हटलंय, १३७ च्या शेवटी तर बाबेलच्या तान्ह्या मुलांना खडकावर आपटण्याची गोष्ट आहे. पण १०९ इतकी एकाच माणसावर लांबलेली शापांची रांग दुसरीकडे नाही.

मंडळ्यांनी अशी स्तोत्रं नेहमीच बाजूला सारली. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक वेस्ली यानं १७८४ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी उपासनेचं पुस्तक केलं, तेव्हा ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी शोभत नाहीत म्हणून कित्येक स्तोत्रं आणि वचनं काढून टाकली. कॅथलिकांच्या रोजच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून १९७१ साली ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्णच गेली. आपल्याकडे अनेक मंडळ्या वापरतात त्या वाचनपाठांच्या यादीतही स्तोत्र १३९ घ्या: १ ते १२, मग एकदम २३ आणि २४. 'देवा, तू दुर्जनाला मारून टाकशील तर बरं' हा भाग मधल्या मधे गायब. या काटछाटीवर मी पाळकांच्या बैठकीत भांडलो आहे. १०९ च्या मथळ्यावरच 'मुख्य गवयासाठी' असं लिहिलंय, म्हणजे हे मंडळीनं मिळून गायचं होतं, असं मी ठासून सांगायचो. येशूचा शिष्य पेत्र यानं, येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या जागी दुसरा माणूस नेमताना याच स्तोत्राचं आठवं वचन वापरलं, हेही सांगायचो. हिटलरच्या काळातला जर्मन पाळक बोनहोफर यानं १९३७ मध्ये, सोबतीचे पाळक अटकेत जात असताना, स्तोत्र ५८ वर उपदेश केला, हे तर माझं आवडतं उदाहरण होतं.

एक पळवाट मात्र माझ्याकडे कायम तयार असायची. स्तोत्राच्या सुरुवातीला शत्रू अनेक आहेत, आणि सहाव्या वचनापासून एकदम 'तो' सुरू होतो. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, की ६ ते १९ हे शाप भक्ताचे नाहीतच, शत्रू त्याला देत असलेले शाप तो देवाला ऐकवतो आहे. पाळकांना हे फार आवडतं, कारण हात स्वच्छ राहतात. पण विसाव्या वचनात तो माणूस हेच सगळं त्यांच्याच पदरात पडो असं मागतो, ते कोणी सांगत नाही.

मी वाचायला उभा राहिलो. ओसरीवर पन्नासेक माणसं. कमिटीतला तो माणूस मागच्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर, पांढऱ्या शर्टात, मान खाली. आणि दाराशी त्याची तेरा वर्षांची मुलगी पाण्याचा जग घेऊन उभी, सगळ्यांना पेले देत होती. ती माझ्या दृढीकरणाच्या वर्गात आहे, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याची तयारी करणाऱ्या मुलांच्या.

सहावं वचन वाचलं: त्याच्या उजव्या हाताला आरोप करणारा उभा राहो. सातवं. आठवं: त्याचे दिवस थोडके होवोत. डोळे नवव्या वचनावर गेले, त्याची मुलं पोरकी होवोत, आणि त्याच क्षणी त्या मुलीनं मला प्यायला पाणी दिलं. मी पेला घेतला, एक घोट प्यायलो आणि सोळाव्या वचनावर गेलो. कोणाच्या लक्षात येणार नाही, याची मला खात्री होती. सोळावं वचन जोडूनही छान जातं: कारण त्यानं दीनदुबळ्याचा मरेपर्यंत पाठलाग केला.

"साहेब, सावकाराचं वचन कुठं गेलं?"

ती जमिनीवर बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर धाकटा. आवाज चढवलेला नव्हता. मला उत्तर सुचेना. मुलांची वचनं वाचवायला गेलो, त्यात अकरावंही गेलं होतं: सावकार त्याचं सर्वस्व गिळो. त्या एका वचनासाठी तिनं हे स्तोत्र मागितलं होतं.

मग ती स्वतः म्हणायला लागली. नवव्यापासून, पाठ, भाकरी थापल्याच्या लयीत. मुलं पोरकी होवोत. बायको विधवा होवो. मुलं भीक मागत फिरोत. सावकार सर्वस्व गिळो. त्याच्या पोरक्यांवर दया करणारा कोणी नसो. एवढी वर्षं या ओळी मला कोणाच्या तरी पुढच्या नाशाचं मागणं वाटत होत्या. त्या ओसरीवर त्यांतली प्रत्येक ओळ घडून गेलेली होती. पोरका तिच्या मांडीवर होता, विधवा ती होती, सर्वस्व सातबाऱ्यावरून गेलं होतं. जे तिच्यावर आलं ते ती एकेक मोजून देवापुढे मांडत होती, फिर्यादीत मांडतात तसं. स्तोत्र कचेरीतलंच आहे. सुरुवातीला दुष्टाच्या उजवीकडे आरोप करणारा, आणि शेवटी, एकतिसाव्या वचनात, दरिद्र्याच्या उजवीकडे परमेश्वर उभा. निबंधात हे मी लिहिलं होतं, गुणही चांगले मिळाले होते.

मागच्या ओळीतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो चहाला थांबला नाही. मुलगी जग खाली ठेवून त्याच्यामागे गेली.

संध्याकाळी निघताना मी ताईची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मी काय त्याच्या पोरांच्या अंगावर धावून जाणार आहे का साहेब? कचेरीत कोणी ऐकलं नाही. देवाला सांगते, तर तिथं तुम्ही मधे उभे राहता."

हे वाक्य मी वर्षभर बरोबर घेऊन फिरतोय. माझा राग त्या माणसावर आहे, कमिटीवर आहे, तारखा देणाऱ्यांवर आहे. पण तिच्या आणि देवाच्या मधे त्यांच्यातलं कोणी उभं राहिलं नव्हतं.

आणि तरी ती मुलगी आहे. पुढच्याच रविवारी वर्ग संपल्यावर ती थांबली. "पाळकसाहेब, ते वचन माझ्याबद्दल होतं का?" मी नाही म्हणालो. ते खरं नव्हतं. ते वचन शब्दशः तिच्याबद्दलच होतं, आणि तिलाही ते कळलेलं होतं. ती मान हलवून गेली. वर्गाला येते, पण त्या दिवसापासून स्तोत्र वाचायची तिची पाळी आली की शेजारच्या मुलीकडे पुस्तक सरकवते.

पुढच्या महिन्यात वर्षाची स्मरणप्रार्थना आहे. परवा ताईला विचारायला गेलो तर तिनं स्तोत्र तेच सांगितलं, पूर्ण. मी त्या मुलीचा प्रश्न तिला सांगितला. ती बराच वेळ गहू निवडत राहिली.

"तिला म्हणावं, याही वर्षी पाणी द्यायला ये," ती म्हणाली. "वचन मी सोडणार नाही."